खालची रिंग

मुठा, ८ जून २०२५

इंद्रजित,

मायना काय घालावा यात दोन कागद फुकट गेले. ‘प्रिय’ लिहिलं की राग येतो, ‘श्रीयुत’ लिहिलं की हसू येतं. म्हणून नुसतं नाव. तसंही चारचौघांत मी तुला अहो-जाहो करते आणि खोलीचं दार लागलं की अरे-तुरे. दार लावून लिहायला बसलेय असं समज.

नंबर बदललास. बदल बाबा. कोइमतूरच्या वर्कशॉपचा पत्ता मला मनीषने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. भुकूमला त्याच्या फ्लॅटवर जाऊन मी सोफ्यावर ठाण मांडलं आणि म्हटलं, पत्ता मिळाल्याशिवाय उठायची नाही, जेवायला काय करताय ते सांगा. बिचारा लातूरचा, कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस. गाडीच्या वेडापायी तुझा मित्र झाला आणि आता आपल्या घरच्या भानगडीत अडकलाय. फोन नंबर मात्र दिला नाही त्याने. शपथ घातलीस म्हणे.

घरचं सगळं ठीक आहे. आत्या, म्हणजे तुझी आई, विसरला असशील तर, बऱ्या आहेत. मामा, म्हणजे तुझे वडील, शेतावर जातात आणि येतात. माझी भुकूमची नर्सरीची शाळा पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. तुझी निळी गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. कोंबड्या वर बसतात, मी हाकलते. का हाकलते ते मला विचारू नकोस.

आता मुद्द्याचं. जानेवारीत आपलं बाळ गेलं आणि मार्चमध्ये तू गेलास. बाळाला जाताना काही सांगता येत नव्हतं. तुला येत होतं.

त्या दिवशी काय झालं ते माझ्या तोंडून तू कधी ऐकलंच नाहीस, म्हणून लिहिते. पौडला माझ्या आईने चोरओटी भरली. कुणाला न सांगता, चार बायकांत, गुपचूप. संध्याकाळी अवस लागत होती आणि पोटुशी बाईने अवसेला घाट उतरू नये म्हणून आत्यांचे फोनवर फोन. जेवण झाल्या झाल्या निघालो. ओटी मी तशीच मांडीवर घेऊन बसले होते, तांदूळ, खण, नारळ. घाट उतरलो, गावात शिरलो. घरासमोरच्या गतिरोधकावर तू गाडी गोगलगायीच्या चालीने चढवलीस. चढली. उतरताना मात्र खालून धाडकन आवाज झाला, मी सीटवरून उडाले आणि नारळ मांडीवरून घरंगळून तुझ्या पायाशी गेला. मी हसले. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखायला लागलं.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली आणि माझा हात धरून सांगितलं, बाळाची वाढ दोन आठवड्यांपूर्वीच थांबलेली आहे. मापावरून स्पष्ट दिसतं. म्हणजे आपण चोरओटीला निघालो तेव्हाच ते नव्हतं, इंद्रजित. खण-नारळ घेऊन मी हसत होते तेव्हाच नव्हतं. दणक्याचा काही संबंध नाही, पडण्या-झडण्याचा नाही, गाडीचा तर नाहीच, असं त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. तू ऐकलं नाहीस, कारण त्या वेळी तू आणि मामा बाहेर व्हरांड्यात भांडत होतात. मामा म्हणत होते, ‘‘तुज्या त्या दगडावानी गाडीनं माजा नातू खाल्ला.’’ आणि तू म्हणत होतास, ‘‘रस्त्यात डोंगर कुणी बांधला, नाना?’’ आख्ख्या दवाखान्याने ऐकलं. मी आत एकटी होते.

माझं मागणं एकच आहे. एकदा ये. डॉक्टरबाई म्हणाल्यात, दोघं या, मी त्यांना समोर बसवून समजावते. त्यांच्या तोंडून ऐक, आणि मग घरी राहायचं की परत जायचं ते ठरव.

तुझीच (वाद घालू नकोस),
सायली

मुठा, २ जुलै २०२५

इंद्रजित,

उत्तर नाही. ठीक आहे, पोस्टाला वेळ लागतो असं मी आत्यांना सांगितलं. त्यांना खरं वाटलं. मला नाही वाटलं.

रविवारी मनीष आला होता. बॅटरी उतरू नये म्हणून येतो, गाडी चालू करतो, जरा वेळ घुरघुरवतो, बंद करतो. मामा तेवढा वेळ मुद्दाम विहिरीवर जातात. मनीषला मी चहा दिला आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून निसटलं. मग मी सोडते होय? सगळं काढून घेतलं.

तुझ्या त्या कॉइलओव्हरचं पुराण मला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून तोंडपाठ आहे. साध्या गाडीला कंपनीने ठरवलेली उंची. तुझ्या गाडीला बाहेरून आणून बसवलेलं ते प्रकरण, शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग, अंगाला आटे आणि आट्यांवर रिंगा. रिंग फिरवली की गाडी वर-खाली, डोक्यावरची चकती फिरवली की मऊ-कडक. ट्रॅकवर जायचं तर जमिनीला टेकवायची आणि कडक करायची, घरी यायचं तर उचलायची आणि मऊ करायची. माझ्या बांगड्या पेनावर चढवून दाखवलं होतंस. त्यातल्या दोन फुटल्या, पण मला कळलं. नर्सरीतल्या पोरांना मी याहून बरं शिकवते, तरी कळलं.

तर मनीष म्हणाला ते असं. त्या दिवशी सकाळी तू माझ्यासाठी गाडी उचलायला बसलास. नीट उचलायची तर सगळ्यात खालची रिंग सोडवून आख्खा शॉकअप लांब करावा लागतो. ती रिंग मागच्या पावसाळ्यातल्या चिखलाने गच्च धरली होती, सुटेना. इकडे आत्या ओट्यावरून ओरडत होत्या, ‘‘निघा की रं, सांजच्याला अवस लागतीया!’’ मग तू वरची रिंग फिरवलीस. स्प्रिंग दाबली, गाडी वर आली, दिसायला झकास. पण चाकाला खाली जायला जागाच उरली नाही. गतिरोधक उतरताना चाक खाली सुटायला हवं होतं, ते जागीच अडलं, आणि तो धाडकन आवाज झाला. डोक्यावरची चकती तू पूर्ण मऊवर ठेवली होतीस. त्याचा काही उपयोग नव्हता हे तुला माहीत होतं, तरी निघालास.

हे तू मनीषला कोइमतूरहून फोनवर सांगितलंस. रडत सांगितलंस म्हणे. मनीषला! अरे, ज्याचं लग्न झालं नाही, ज्याला बाळ कशाशी खातात ते ठाऊक नाही, त्याच्यापुढे रडलास. तू जायच्या आधी दोन महिने मी शेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपत होते, माझ्यापुढे एक टिपूस नाही.

मनीष गेल्यावर मी शेडमध्ये गेले. ताडपत्री काढली, जमिनीवर आडवी झाले आणि पाहिलं. रिंग तिथेच आहे, चिखल तसाच आहे. तुझा तो वाकडा पाना लावून दोन्ही हातांनी जोर केला. जागची हलली नाही. तुला खोटं वाटेल, पण मला बरं वाटलं. तू आळस केला नव्हतास, ती खरंच अडकली होती.

ऐक आता. चूक झाली तुझी? व्हय, झाली. गाडीच्या बाबतीत झाली. गाडीची माफी माग. बाळाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तुझी अडचण मला आता कुठे समजली. डॉक्टरबाईंचं मशीन तू पाहिलं नाहीस, आणि रिंग मात्र तुझ्या हाताने फिरली. तुझ्या हाताला जे कळतं तेच तुला खरं वाटतं, बाकी जगाने घसा कोरडा केला तरी नाही. याच गुणावर मी भाळले होते, आणि आज त्याचाच मला वैताग आलाय.

कारण नव्हतं रे. काही वेळा नसतं. डॉक्टरबाई म्हणतात, असं कितीतरी जणींचं होतं, कुणी काही केलेलं नसतं. पण कारण नसणं आपल्या घरात कुणालाच सोसत नाही. तुला रिंग पाहिजे, मामांना स्वतः बांधलेला गतिरोधक पाहिजे, आत्यांना अवस पाहिजे. तुम्ही तिघांनी माझ्या दुःखात पाय पसरले आहेत आणि मला बसायला जागा ठेवलेली नाही.

ये. मी रिंगेचं मामांना सांगितलेलं नाही.

तुझी,
सायली

मुठा, २० ऑगस्ट २०२५

इंद्रजित,

दोन्ही पत्रांच्या पोचपावत्या आल्या, तुझ्या सहीच्या. म्हणजे हात शाबूत आहे. आत्यांना वाचता येत नाही, पण पावतीवरची सही त्यांनी बोटाने चाचपून पाहिली आणि पावती नेऊन देव्हाऱ्यात ठेवली. आता रोज सकाळी तुझ्या सहीला हळद-कुंकू लागतं. देव झालास बाबा तू, बोलत नाहीस, नुसता पोचतोस.

इथे जे झालं ते सांगते. नागपंचमी होऊन गेल्यावरची गोष्ट. भर दुपारी मामांनी पहार आणि घण काढला आणि गतिरोधक फोडायला गेले. मी शाळेतून येत होते. एसटीतून उतरते तर रस्त्यात गर्दी.

त्यांनीच बांधला होता तो, तुला ठाऊक आहे. ‘माजी सरपंचाचंच पोर शाळेपुढनं गाडी पळवतंय’ म्हणून गावाने पारावर बसून ऐकवलं, ते त्यांना इतकं लागलं की वरच्या बंगल्यांच्या साइटवरचं उरलेलं काँक्रीट आणून स्वतः उभं राहून ओतून घेतलं. आणि त्यात सळया टाकल्या. गतिरोधकात सळया! साइटवरचा माणूस तेव्हा हसून म्हणाला होता, ‘‘हैबतराव, धरण बांदताय का काय?’’ मामा म्हणाले होते, ‘‘माज्या पोराला आडवायचंय, साधंसुधं काम न्हाई त्ये.’’ तेव्हा आपण दोघंही हसलो होतो.

तर घाव घालत होते. धोतर चिखलाने भरलेलं, पागोटं खाली पडलेलं. कुणी जवळ गेलं की पहार उगारत होते. ‘‘म्याच बांदला, म्याच फोडनार. कुनी मधी यायचं न्हाई.’’ फुटतोय कुठे? चार टवके उडाले आणि एक सळई उघडी पडली. शाळेच्या पोरांच्या आया जमल्या, त्या म्हणायला लागल्या, ‘‘नाना, फोडू नगा, त्यो हाय म्हनून आमची पोरं रस्ता वलांडत्यात.’’ खरंच आहे त्यांचं. तो झाल्यापासून तिथे एकही अपघात नाही.

शेवटी दम लागला आणि मामा त्या गतिरोधकावरच बसले, रस्त्याच्या मधोमध. दोन्ही बाजूंनी गाड्या तटल्या. लवासाकडे फिरायला निघालेली पुण्याची मंडळी. एका बाईंनी काच खाली करून अगदी गोड आवाजात विचारलं, ‘‘काका, रस्ता बंद आहे का?’’

मामा म्हणाले, ‘‘व्हय. बंद हाय.’’

मी गेले, पागोटं उचललं, त्यांच्या दंडाला धरलं. सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही आपल्याकडे, पण लावला. उठले. पायरीवर आल्यावर म्हणाले, ‘‘पोरी, त्येला लिव. बा म्हनतोय ये. म्या काय बोलनार न्हाई त्येला. त्यानं बोलावं वाटलं तर बोलावं, न्हाईतर गपगुमान जेवावं न् झोपावं.’’

त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय. एक शब्द माझा नाही. तुझ्या बापाने आयुष्यात कुणाला असं सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही, तूही ऐकलं नसशील.

मी त्यांनाही डॉक्टरबाईंचं सांगून पाहिलं. मान डोलावतात. ‘‘व्हय व्हय, असंल,’’ म्हणतात. पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीने टवके सिमेंटने बुजवले आणि वर पांढरे-पिवळे पट्टे मारले. आता लांबूनही दिसतो. मामा आता मागच्या दाराने शेतावर जातात.

गणपतीला येतोस का? मखर मला एकटीला जमत नाही.

तुझी,
सायली

मुठा, ४ ऑक्टोबर २०२५

इंद्रजित,

गणपतीला आला नाहीस. मखर केलं नाही, पाटावरच बसवला.

परवा दसरा झाला. मामांनी ट्रॅक्टरला हार घातला, बोलेरोला घातला आणि मग शेडमध्ये गेले. ताडपत्री काढून तुझ्या गाडीचं बोनेट त्यांनी स्वतःच्या पंच्याने पुसलं. झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. चालवायला कुणी नाही, त्यामुळे लिंबू चिरडलं नाही. अजून तसंच आहे.

आत्यांना रिंगेचं कळलं. मनीष आणि मी बोलत होतो ते त्यांनी ऐकलं. मला वाटलं होतं आता तुझ्या नावाने खडे फोडतील. तसं झालं असतं तरी चाललं असतं. त्या भांडी घासता घासता खाली बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘म्हंजी म्याच की गं. अवस अवस म्या क्येलं. पोराला निवांत काम करू दिलं न्हाई.’’ मी म्हटलं, ‘‘आत्या, अवसेने काही होत नाही, रिंगेने काही होत नाही.’’ तर म्हणतात, ‘‘तू चांगली हायेस म्हनून म्हनतीस.’’ त्या दिवसापासून त्या अवसेला जेवत नाहीत. घे, आता तीन झाले. बाळ माझं होतं आणि जबाबदारी घ्यायला रांग लागलीय.

आता एक, जे मी आतापर्यंत तुला लिहिलं नाही. ‘घरचं सगळं ठीक आहे’ हे पहिल्या पत्रातलं वाक्य खोटं होतं. शंभू जूनपासून माझ्यामागे लागलाय. ‘‘ताई, नवरा घरात न्हाई, त्या घरात तू कशासाठी राबतीस? चल घरी.’’ आई नुसती रडते. मी त्याला दरवेळी म्हणायचे, येणार आहे तो, बोलणं झालंय आमचं. भावाशी खोटं बोलले मी तुझ्यासाठी. मागच्या आठवड्यात शंभूने विचारलं, ‘‘कधी बोलणं झालं? दाखव फोन.’’ मग काय दाखवू?

मी त्याला भाऊबीजेपर्यंतचा वेळ मागून घेतलाय. भाऊबीजेला मी पौडला जाईन. तू आलेला असशील तर ओवाळून संध्याकाळी परत मुठ्याला येईन. नाहीतर परत येणार नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाही. धमक्या द्यायचं त्राण जुलैतच संपलं.

सोळा तारखेची डॉक्टरबाईंची वेळ घेतलीय, दोघांच्या नावाने. तिकडून गाडीत बसलास तर एक दिवस लागतो. मनीष पुणे स्टेशनवर घ्यायला येईल, तो तयार आहे. घरी यायची लाज वाटत असेल तर थेट दवाखान्यात ये. मी बाहेरच्या बाकावर असेन.

आणि हे वाचताना घाई करू नकोस. मला तू हवा आहेस. गाडी पळवणारा, बांगड्या फोडणारा, भांडणारा, कसाही. पहाटे घाटातून मला घेऊन जायचास आणि वळणावर म्हणायचास, ‘‘बघ, गाडी अजिबात कलली नाही’’, आणि मला काही कळायचं नाही तरी मी म्हणायचे, ‘‘हो की रे’’, तो हवा आहेस. इतकं सरळ मी तुला कधी बोलले नव्हते. आपल्याकडे बोलत नाहीत. आता बोलले.

सायली

पौड, २४ ऑक्टोबर २०२५

इंद्रजित,

सोळा तारखेला मी बाकावर बसले होते. आपला नंबर आला, मग मागच्या बाईला आत सोडलं, मग तिच्या मागच्या. शेवटी डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या आणि मला आत घेऊन गेल्या. दुसरी खुर्ची रिकामी होती. मला पाठ असलेलं सगळं त्यांनी मलाच पुन्हा समजावून सांगितलं. बोलून झाल्यावर म्हणाल्या, ‘‘तुम्हाला यातलं सगळं समजतं, मग तुम्ही का आलात?’’ मी म्हटलं, वेळ घेतली होती म्हणून.

नरक चतुर्दशीला सकाळी फाटकाशी गाडीचा आवाज आला. आत्या तव्यावरचं तसंच टाकून बाहेर पळाल्या. मामा न्हाणीतून अंगावर उटणं तसंच घेऊन आले. मी केस ओले, तशीच. मनीष होता, आणि भुकूमच्या गॅरेजमधला कुशाबा. टेम्पोत कंपनीचं मूळ सस्पेन्शन, जे तू काढून मनीषच्या माळ्यावर ठेवलं होतंस ते.

मनीष माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘वहिनी, इंद्रजितचा फोन आला होता.’’ आत्यांनी विचारलं, ‘‘कवा येतोय म्हनला?’’ मनीषने टेम्पोकडे बोट केलं. मग म्हणाला, ‘‘कॉइलओव्हर काढून जुनं बसव म्हणाला. म्हणाला, सायली पौडला जाईल तेव्हा याच गाडीतून ने. आता दणका बसणार नाही.’’

म्हणजे तू वाचलंस. सगळं वाचलंस. भाऊबीज वाचलीस, सोळा तारीख वाचलीस, बापाचा निरोप वाचलास, मला तू हवा आहेस हेही वाचलंस. आणि त्यावर तुला सुचलं ते हे. मी जाणारच असेन तर मऊ जावं.

मला ओरडायचं होतं. मनीषवर ओरडून काय होणार? मी आत जाऊन केस पुसले.

कुशाबा दुपारपर्यंत काम करत होता. दिवाळीच्या दिवशी आला बिचारा, आत्यांनी त्याला फराळ दिला. खालची रिंग त्याच्याच्यानेही सुटली नाही. ‘‘ऱ्हाऊ द्या, सोडवायची गरज न्हाई, आख्खंच भाईर काढतो,’’ म्हणाला. चारही बाहेर काढले आणि ओसरीवर ओळीने ठेवले. मामा बराच वेळ त्यांच्याशेजारी बसून होते. एकदा त्यांनी रिंगेला हात लावून पाहिला, जोर केला आणि सोडून दिला. तुला ते हवे असतील तर मनीषला सांग. मी हात लावलेला नाही.

काल भाऊबीज. शंभू मला न्यायला मोटारसायकल घेऊन आला होता, बॅग त्याच्या गाडीवर दिली. मी म्हटलं, मी निळ्या गाडीतून येते. तो चिडला. ‘‘त्यानं पाठवली म्हनून?’’ मी म्हटलं, ‘‘व्हय, त्याने पाठवली म्हणूनच. माझ्यासाठी त्याने एवढंच केलंय, तेही नको म्हणू का?’’ मग त्याने किक मारली.

आत्यांनी माझी ओटी भरली. सून माहेरी निघाली की भरतात तशी, तांदूळ, खण, नारळ. निम्मे तांदूळ खाली सांडले. म्हणाल्या, ‘‘येशील न्हवं गं परत?’’ मी त्यांच्या पाया पडले. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. त्यांना कळलं असावं, कारण सांडलेले तांदूळ वेचायला त्या लगेच खाली बसल्या.

मामा रस्त्यावर गतिरोधकाच्या कडेला उभे होते. बऱ्याच दिवसांनी पुढच्या दाराने आले होते. माझ्याकडे बघत नव्हते, चाकांकडे बघत होते. मनीषने सवयीने ब्रेकवर पाय ठेवला. मी म्हटलं, ‘‘हळू करू नका.’’ तो म्हणाला, ‘‘वहिनी...’’ मी म्हटलं, ‘‘आहे तशी जाऊ द्या.’’ आणि कुणी सांगितलं नसताना माझा एक हात पोटावर गेला.

हे शेवटचं पत्र आहे. यापुढे पोचपावत्या येणार नाहीत, आत्यांना तेवढं कुणाकडून तरी कळव. तुझ्यावर आता राग नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. मला खूप वेळा वाटायचं की एक दिवस तुला पटेल, तू काहीच केलं नव्हतंस, कुणीच काही केलं नव्हतं. आता वाटत नाही. तू तिथे जन्मभर रिंगा फिरवत राहशील आणि एक रिंग सुटणार नाही.

एवढं मात्र सांगायला हवं, तुला काळजी होती म्हणून. गाडी छान झाली आहे. गतिरोधक आला आणि गेला, आवाजसुद्धा झाला नाही. नारळ माझ्या मांडीवर होता. जागचा हलला नाही.

सायली